ड्यूकच्या इतिहासातली सर्वोत्तम जोडी कोणती? (माझं मत: रेडिक आणि शेल्डन)

केरीकर
मार्च मॅडनेस (अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची एनसीएए स्पर्धा) आटोपलं, ब्रॅकेटची (निकालांच्या अंदाजांची) नेहमीप्रमाणे पार वाट लागली, आणि आता नोव्हेंबरपर्यंत बघायला काही नाही. तेव्हा एक वाद उकरून काढतो. डरहमच्या ड्यूक विद्यापीठाच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघात आजवरची सगळ्यात भारी जोडी कोणती?

अटी तीनच. दोघं निदान एक सीझन एकत्र खेळलेले असावेत. पुढे एनबीएत त्यांनी काय दिवे लावले ते मोजायचं नाही. आणि ‘पण तिसराही तेवढाच चांगला होता’ हे म्हणून पळ काढायचा नाही.

माझं मत: जेजे रेडिक आणि शेल्डन विल्यम्स. एकत्र आले २००२ ला, एकत्र गेले २००६ ला, पूर्ण चार वर्षं. रेडिक गेला तेव्हा २७६९ पॉइंट, ड्यूकमध्ये त्याच्या आधी एवढे कुणी केले नव्हते. शेल्डन गेला तेव्हा १२६२ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) आणि ४२२ ब्लॉक, तेही विक्रम. म्हणजे एकानं बाहेरून जाळी फाडायची आणि दुसऱ्यानं आत कुणाला उभं राहू द्यायचं नाही. शेवटच्या वर्षी रेडिकची सरासरी २६.८, शेल्डनची १८.८ आणि वर १०.७ रिबाउंड. दोघांच्याही जर्सी कॅमेरॉनच्या (ड्यूकच्या स्टेडियमच्या) छताला मानानं टांगल्यात.

होऊ द्या सुरू. हलकेच घ्या.

बिनपाण्याचा_मासा
विजेतेपदं किती? शून्य. विषय संपला.

शारदाश्रम_८८
बास्केटबॉलमधलं मला शष्प कळत नाही, पण शाळा-कॉलेजातली जोडी म्हटलं की उत्तर एकच. आझाद मैदान, १९८८, नाबाद ६६४. बाकीच्यांनी आपापले बॅट-बॉल उचलून घरी जावं.

केरीकर
@शारदाश्रम, बरोबर, फक्त तुमची जोडी ड्यूकला नव्हती. प्रवेश परीक्षेत अडकली असावी.

हलका_निळा
ड्यूकची सर्वोत्तम जोडी: रेफ्री आणि त्याची शिट्टी.

केरीकर
आला! चॅपल हिलहून (शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून) कुणी आलं नसतं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असतं.

हलका_निळा
८१-७७.
(ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: २ एप्रिल २०२२, न्यू ऑर्लिन्स, फायनल फोर (शेवटचे चार संघ), ड्यूकच्या कोच के (शशेव्स्की) साहेबांचा शेवटचा सामना, आम्ही हरवलं. ज्यांना कळलं त्यांनी इनो घ्यावं.)

जर्सीसिटीचा_जावई
लेटनर आणि हर्ली. ह्यात वाद घालण्यासारखं काय आहे तेच मला समजत नाही.

एकत्र तीन सीझन खेळले: १९९०, ९१, ९२. तिन्ही वर्षं फायनलमध्ये. त्यातल्या दोन जिंकल्या. लेटनर तर चार वर्षांत चार फायनल फोर खेळला, एनसीएए स्पर्धेत एकूण ४०७ पॉइंट. हर्लीचे कारकिर्दीत १०७६ असिस्ट (बास्केट करून देणारे पास); त्यानं डरहम सोडलं तेव्हा देशात कुणाच्या नावावर एवढे नव्हते.

थोडं अवांतर, पण सांगतोच. सासुरवाडी जर्सी सिटीची आहे. न्यूअर्क अॅव्हेन्यूला आपली मंडळी भाजी-किराणा घ्यायला जातात, त्याच गावात सेंट अँथनी नावाची छोटीशी शाळा होती. २०१७ ला बंद पडली. शाळेला स्वतःचं जिमसुद्धा नव्हतं, पोरं दुसरीकडे जाऊन सराव करायची. हर्लीचे वडील बॉब हर्ली तिथले कोच, आणि पोटापाण्याची नोकरी प्रोबेशन ऑफिसरची. पोरगा असल्या घरातून आलेला. दुसरीकडे लेटनर सहा फूट अकरा इंच, दिसायला हिरो, वागायला खडूस, मैदानावर सगळ्यांना डिवचणारा. स्वतःच्या टीममधल्यांनाही सोडायचा नाही, आणि हर्लीला तर मुळीच नाही. ही काही गळ्यात गळे घालून फिरणारी जोडी नव्हती. पण बॉल हातात आला की एकाला दुसरा कुठे आहे हे न बघता कळायचं.

बिनपाण्याचा_मासा
+१ जावईबापू. टंकनश्रम वाचले.

आकडेमोड्या
केरीकर, रेडिक-शेल्डनबद्दल आदर राखून दोन तारखांकडे लक्ष वेधतो.

२००४, सॅन अँटोनिओ, सेमीफायनल, समोर यूकॉन. शेवटच्या तीनेक मिनिटांत आपण आठनं पुढे. शेल्डन पाच फाउल करून आधीच बाकावर. हरलो, ७९-७८.

२००६, अटलांटा, स्वीट सिक्स्टीन (शेवटचे सोळा संघ), समोर एलएसयू. रेडिक १८ पैकी ३. अख्ख्या सामन्यात ११ पॉइंट. गॅरेट टेम्पलनं त्याला श्वास घेऊ दिला नाही. हरलो, ६२-५४.

म्हणजे मोठ्या रात्री दोघांपैकी एक जण गायब. जोडी कशी मोजायची? माझ्या मते, एक जण पडला तर दुसऱ्यानं त्याला तारलं का, एवढंच बघायचं. ह्यांच्या बाबतीत ते झालं नाही.

केरीकर
@आकडेमोड्या, एका सामन्यावरून चार वर्षं तोलायची? त्याच पोरांनी २००३, ०५ आणि ०६ ला एसीसी (ड्यूकची लीग) स्पर्धा जिंकली, ती कुठे गेली? एकदा हरलं की घरी, अशा स्पर्धेत कोणाचाही एखादा दिवस वाईट जातो. ११ खेळाडूंच्या खेळातसुद्धा जातो, इथे तर पाचच असतात.

हलका_निळा
एसीसी स्पर्धेचा चषक मोजायला लागलात म्हणजे परिस्थिती फारच बिकट दिसते.

गार्गी_डरहमकर
‘पुरुषांच्या संघात’ अशी अट कशासाठी, केरीकर? ड्यूकचा संघ म्हटलं की मुलींचा आपोआप वगळायचा का?

अलाना बिअर्ड आणि लिंडसे हार्डिंग. बिअर्डचे २६८७ पॉइंट, म्हणजे तुमच्या रेडिकपासून हाकेच्या अंतरावर. ड्यूकच्या मुलींमध्ये पहिली जर्सी टांगली गेली ती तिची. हार्डिंगचीही नंतर टांगली. दोघी एकत्र असताना २००३ ला फायनल फोर. बिअर्ड २००४ ची राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडू, हार्डिंग २००७ ची.

आणि मोठ्या रात्रीचं म्हणाल तर हार्डिंगइतकं कुणी सोसलं नसेल. २००७, नियमित सीझन २९-०. मग स्वीट सिक्स्टीनला ग्रीन्सबरोत रटगर्सविरुद्ध एकानं मागे, घड्याळात ०.१ सेकंद, दोन फ्री थ्रो तिच्या हातात. दोन्ही चुकले. ५३-५२. एक गेला असता तर ओव्हरटाइम, दोन गेले असते तर विजय. लोक तेवढंच लक्षात ठेवतात आणि वर्षभर तिनं काय केलं ते विसरतात.

जर्सीसिटीचा_जावई
गार्गीताई, रटगर्स आमच्या न्यू जर्सीचं. समस्त राज्यातर्फे दिलगिरी.

केरीकर
गार्गीताई, मुद्दा मान्य आहे, अट मागे घेतो. पण मग बिअर्डबरोबर इसिस टिलिस घ्या ना. त्या दोघींनी २००२ आणि २००३ अशा लागोपाठ दोन फायनल फोर खेळल्या. हार्डिंग तेव्हा नुकती आलेली.

गार्गी_डरहमकर
हे मात्र बरोबर. टिलिस चालेल. तरी मन हार्डिंगचंच नाव घेतं.

तंबूतला_काका
मी इथे ऐंशीच्या दशकात शिकायला आलो. तुम्ही सगळे जिंकणाऱ्या ड्यूकची गोष्ट करताय, म्हणून जरा मागचं सांगतो.

१९८२-८३ ला आमचा संघ ११-१७ होता. एसीसी स्पर्धेत व्हर्जिनियानं १०९-६६ असं धुतलं. कोच शशेव्स्कींना हाकला म्हणून पैसेवाले माजी विद्यार्थी हात धुऊन मागे लागले होते. त्या संघात पहिल्या वर्षाची पोरं होती: जॉनी डॉकिन्स, मार्क अलॅरी, जे बिलस, डेव्हिड हेंडरसन. हीच पोरं चौथ्या वर्षी, १९८६ ला, ३७ सामने जिंकून फायनलला गेली आणि डॅलसमध्ये लुईव्हिलकडून ७२-६९ अशी निसटती हरली.

डॉकिन्सचे २५५६ पॉइंट. केरीकर, तुमच्या रेडिकनं मोडला तो हाच विक्रम, वीस वर्षांनी. अलॅरीचे २१३६. एकाच वर्गातले दोघे दोन हजारांच्या वर. डॉकिन्सची २४ नंबरची जर्सी वर आहे, अलॅरीची नाही, आणि ह्याचा मला आजही राग येतो.

ही दोघं नसती तर कोच के टिकले नसते. ते टिकले नसते तर लेटनर नाही, हर्ली नाही, आणि हा धागाही नाही. सर्वोत्तम नसेल कदाचित, पण सगळ्यात महत्त्वाची जोडी हीच.

आकडेमोड्या
काका, दंडवत. ‘महत्त्वाची’ आणि ‘सर्वोत्तम’ असे दोन धागे करायला हवेत.

सोनाली_मॉरिसव्हिल
काकांचा आयडी बघून विचारते, तंबूत खरंच राहिला होतात का? लेकीला ह्या वर्षी ड्यूकला प्रवेश मिळालाय आणि ती आत्तापासून त्या तंबूंचं बोलतेय. जानेवारीच्या थंडीत?

तंबूतला_काका
सोनालीताई, राहिलो होतो. तेव्हा हा प्रकार नुकता सुरू झाला होता, फार नियम-बियम नव्हते. आता कॅमेरॉनबाहेरच्या त्या हिरवळीला शशेव्स्कीव्हिल म्हणतात आणि कायद्याचं जाडजूड बाड आहे. एका तंबूत १२ जण. सगळ्यात कडक प्रकारात रात्री त्यातले १० हजर पाहिजेत, कधीही भोंगा वाजवून हजेरी घेतात. हे सगळं कशासाठी, तर ह्या हलक्या निळ्या मंडळींविरुद्धचा एक सामना बघायला. कॅमेरॉनमध्ये जागा फक्त ९३१४. विद्यार्थ्यांना तिकीट फुकट, पण रांग अशी.

थालीपिठं द्या बरोबर. टिकतात, आणि बाराही जणांशी ओळख होते.

सोनाली_मॉरिसव्हिल
थालीपिठं ठीक, पण झोपायची पिशवी कुठली घ्यावी? अस्तराची जाड पुरते का?

तंबूतला_काका
व्यनि (खासगी निरोप) करतो. नाहीतर धाग्याचं काश्मीर व्हायचं.

ऑरेंजसिटीवाला
काय राजेहो, झायन आन् आरजे बॅरेटचं कोनी नाव बी नाही घेत! २०१८-१९. दोघांची सरासरी बराबर २२.६. दोघंही पहिल्या वर्साचे पोट्टे. नागपुरात सकाळी सकाळी उठून पायलं आमी. झायन हवेत गेला का खाली यायचं नावच नाही घे.

बिनपाण्याचा_मासा
भाऊ, एक सीझन. आणि शेवट मिशिगन स्टेटकडून ६८-६७. पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. ह्याच न्यायानं २०२५ चे कूपर फ्लॅग आणि कॉन कनिपलही येतील. ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटात सहानं पुढे होते. हरले, ७०-६७.

आकडेमोड्या
तेही सॅन अँटोनिओत. तेही अलामोडोममध्ये. २००४ वाल्याच इमारतीत. त्या गावाला आता पूजाच घातली पाहिजे.

मिरॅकल_मिनिट
बॅटिए आणि जेसन विल्यम्स. मला आश्चर्य वाटतं की इतक्या प्रतिसादांत कुणी काढले नाहीत.

२७ जानेवारी २००१, मेरीलँडचं कोल फील्ड हाउस. शेवटचं एक मिनिटही उरलं नव्हतं आणि आपण दहानं मागे. मेरीलँडचे प्रेक्षक जिंकल्याच्या घोषणा द्यायला लागलेले. विल्यम्सनं आधी लेअप टाकला. मग बॉल चोरला, थ्री (लांबून टाकलेला, तीन पॉइंटचा). मग पुन्हा थ्री. चौदा-एक सेकंदांत आठ पॉइंट. नेट जेम्सच्या फ्री थ्रोंनी बरोबरी, ओव्हरटाइम, ९८-९६. आणि ओव्हरटाइममध्ये सामना कोणी ओढून नेला? बॅटिएनं. विल्यम्सनं दार उघडलं आणि बॅटिएनं आत जाऊन घर ताब्यात घेतलं.

त्याच वर्षी सेमीफायनलला हेच मेरीलँड, २२ नं मागे पडून ९५-८४ जिंकलो. फायनलला अॅरिझोना, ८२-७२. विल्यम्सची सरासरी २१.६, बॅटिएची १९.९, आणि बॅटिए वर तीनदा देशातला सर्वोत्तम बचावपटू. २००१ चा राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडू बॅटिए, २००२ चा विल्यम्स. एकत्र फक्त दोन वर्षं, हे खरं. पण दोन वर्षांत एवढं कुणी केलंय?

केरीकर
फायनलला डनलिव्हीचे २१ पॉइंट होते, तिसऱ्या अटीत बसत नाही. (असं म्हणून मी माझ्याच अटीचा गैरफायदा घेतोय, कल्पना आहे.)

बिनपाण्याचा_मासा
हर्लीला डिसेंबर १९९३ मध्ये गाडीचा अपघात झाला, विल्यम्सला २००३ मध्ये मोटरसायकलचा. दोघंही ड्यूकचे पॉइंट गार्ड, दोघंही एनबीएतलं पहिलंच वर्ष. म्हणून केरीकरांची दुसरी अट मला पटते. पुढचं मोजायला गेलं तर ह्या दोघांवर अन्यायच होईल.

चिकित्सक_चिंतामणी
लेटनर-हर्ली म्हणणाऱ्यांना एक भाबडा प्रश्न. ज्या बास्केटमुळे लेटनर अजरामर झाला, त्यात हर्लीचा हात कुठे होता? २८ मार्च १९९२, फिलाडेल्फिया, केंटकी १०३, ड्यूक १०२, २.१ सेकंद शिल्लक. बॉल आत टाकला ग्रँट हिलनं. पाऊणशे फूट लांब, सरळ. लेटनरनं फ्री थ्रोच्या रेषेपाशी झेलला, उजवीकडे हूल दिली, एकदा टप्पा, डावीकडे वळला, सोडला. १०४-१०३. त्या दिवशी मैदानातून १० पैकी १०, फ्री थ्रो १० पैकी १०. मग जोडी लेटनर-हिल का नाही?

आणि केंटकीच्या कोचनं बॉल टाकणाऱ्या हिलसमोर माणूसच उभा केला नव्हता. म्हणजे तिसरा भिडू रिक पिटिनो धरायचा का?

हलका_निळा
त्याच सामन्यात लेटनरनं खाली पडलेल्या टिंबरलेकच्या छातीवर पाय दिला होता. त्याला बाहेर काढलं नाही. म्हणून मी वर म्हटलं ना, रेफ्री आणि शिट्टी.

जर्सीसिटीचा_जावई
@चिंतामणी, प्रश्न भाबडा नाही, चांगला आहे. हिलचा तोच पास त्याच सीझनमध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध वळून बाहेर गेला होता आणि सामना गेला होता. हर्ली तेव्हा पाय मोडून बसला होता. म्हणजे हर्ली नसताना काय होतं ते दिसलंच.

पण आकडेमोड्यांनी वर जी कसोटी लावली, एक पडला की दुसऱ्यानं तारलं का, ती लावून बघा.

१९९०, डेन्व्हर, फायनल. हर्लीचं पोट बिघडलेलं, यूएनएलव्हीनं १०३-७३ असं चिरडलं. त्यानंतर पोराला म्हणे स्वप्नात शार्क दिसायचे. (यूएनएलव्हीच्या कोचचं टोपणनाव शार्क होतं.) पुढच्या वर्षी सेमीफायनलला तोच संघ समोर, एकही सामना न हरलेला. ७६-७१ नं मागे असताना हर्लीनं थ्री टाकला. ज्या पोराला वर्षभर झोप लागली नव्हती त्यानं. शेवटी १२.७ सेकंद असताना लेटनरचे दोन फ्री थ्रो, ७९-७७.

१९९२, मिनियापोलिस, सेमीफायनल, समोर इंडियाना. लेटनर एकदम फिका, ८ पॉइंट. हर्ली २६, त्यात सहा थ्री. ८१-७८. दोन दिवसांनी फायनल, मिशिगनचे फॅब फाइव्ह (पहिल्या वर्षाची पाच पोरं). हाफटाइमला आपण एकानं मागे, लेटनरच्या हातून बॉल सारखा निसटत होता. दुसऱ्या हाफमध्ये लेटनर उठला. ७१-५१.

एका रात्री हर्ली, दुसऱ्या रात्री लेटनर. बाकी कुठल्या जोडीची अशी एवढी मोठी दोन उदाहरणं लागोपाठ सापडतात ते दाखवा.

गार्गी_डरहमकर
आणि उलटंही बघा. १९९३ ला लेटनर गेला, हर्ली राहिला, हिलही होता. दुसऱ्याच फेरीत कॅलिफोर्नियाकडून ८२-७७. हर्लीनं ३२ टाकले तरी गेला. समोर जेसन किड होता म्हणा.

मिरॅकल_मिनिट
हे जरा अवघड जातंय मला. पण १९९१-९२ ला तीन जर्सी छतावर गेलेले खेळाडू एका वेळी मैदानात होते: लेटनर, हर्ली, हिल. दोघांनाच श्रेय कसं द्यायचं? बॅटिए-विल्यम्सच्या वेळी तर सीझनच्या शेवटी बूझरचा पाय मोडला, सेंटरच गेला, आणि तरीही लागोपाठ दहा सामने जिंकून करंडक आणला.

आकडेमोड्या
बूझर एनसीएए स्पर्धेतच परतला होता. पण मुद्दा पोचला. माझी यादी: १. लेटनर-हर्ली, २. बॅटिए-विल्यम्स, ३. डॉकिन्स-अलॅरी, ४. रेडिक-शेल्डन.

केरीकर
चौथे?? धागा माझा, जोडी माझी, आणि चौथा नंबर?

बघा, तुमची कसोटी लेटनर-हर्लीला बरोबर बसते, नाही म्हणत नाही. पण मी रेडिक-शेल्डनचे सामने कॅमेरॉनमध्ये वरच्या बाकावरून पाहिलेत. रेडिक स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या साथीदाराच्या) मागून धावत यायचा तेव्हा दोघं बचावपटू त्याच्यावर झेपावायचे, आणि त्याच क्षणी शेल्डन आत हात वर करून मोकळा उभा. कोणाला सोडायचं हे ठरवता न आल्यानं समोरच्या पोरांचे चेहरे कसे व्हायचे! चार वर्षं हेच. करंडक नाही, मान्य. माझं मत बदललेलं नाही.

शारदाश्रम_८८
सगळे प्रतिसाद वाचले. लेटनरचा तो २.१ सेकंदांचा व्हिडिओ शोधून पाहिला, मग परत पाहिला. बाबांनो, हे तर शेवटच्या चेंडूवर षटकार. बॉल टाकणाऱ्यासमोर क्षेत्ररक्षकच नाही ठेवला?

हलका_निळा
नाही ठेवला. आणि मोठ्या मनानं एक सांगतो: १९८२ चे आमचे जेम्स वर्दी-मायकेल जॉर्डन सोडले तर आजूबाजूच्या गावांत लेटनर-हर्लीच्या तोडीची जोडी मला दिसत नाही. हे वाक्य कॉपी करून कुठेही डकवल्यास मी नाकबूल करीन.

जर्सीसिटीचा_जावई
स्क्रीनशॉट काढला आहे.

तंबूतला_काका
झालं तुमचं? सगळे १९८० च्या पुढचेच. आर्ट हेमन आणि जेफ मलिन्स कुणाला आठवतात? व्हिक बूबसचा संघ, १९६३, ड्यूकचं पहिलं फायनल फोर. सेमीफायनल हरले, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हेमनच ठरला. पुढच्या वर्षी मलिन्स फायनलपर्यंत गेला, यूसीएलएकडून हरला. दोघांच्याही जर्सी वर आहेत, २५ आणि ४४. सविस्तर लिहायचंय, पण हिनं पानं घेतली आहेत. जेवून आलो की टंकतो.